शेवटची शाळा कोणती

फोटो आला तेव्हा माझ्या एका हातात चमचा होता आणि दुसऱ्या हातात आजोबांची हनुवटी. आमच्या वृद्धांच्या केंद्रात जेवणाच्या वेळी फोन बघायचा नाही असा नियम आहे, पण एप्रनच्या खिशात तो एवढ्या वेळा थरथरला की मला वाटलं, कुणीतरी गेलं. घरच्यांच्या ग्रुपवर एवढी गडबड कुणी गेल्याशिवाय होत नाही. म्हणून पाहिलं. कुणी गेलं नव्हतं. काळा गाऊन, चौकोनी टोपी, हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ, आणि या सगळ्याच्या मधोमध माझी मोठी बहीण. प्यो ग्युम-ये, वय एकसष्ट, आन्सानमध्ये तयार भाज्यांचं दुकान. खाली माझ्या धाकट्या भावानं लिहिलं होतं, आमची ताई मुक्त विद्यापीठाची पदवीधर झाली. त्याखाली त्याच्या बायकोचं अभिनंदन, भाच्यांची अभिनंदनं, टाळ्या, उड्या मारणारे ससे. कुणी काय लिहिलं ते मी पाहत होते, आणि कुणी काय लिहिलं नाही तेही. आजोबांनी चमचा दातात धरून ठेवला होता. मी ओढला, त्यांनी सोडला नाही. भोपळ्याची पेज त्यांच्या गळ्याच्या रुमालावर ओघळत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट उभी राहिली होती, अगदी शांतपणे, दारात येऊन उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसासारखी: मुक्त विद्यापीठाला प्रवेशपरीक्षा नसते. पण एक कागद मागतात. उच्च माध्यमिक पास झाल्याचा. ताईनं तो कुठून आणला?

मला हे माहीत होतं कारण तीन आठवड्यांपूर्वी मीच विचारलं होतं. आमच्या केंद्रातली समाजसेविका पुढच्या वर्षी नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात जाणार आहे, आणि संचालिकाबाई मला म्हणाल्या होत्या, "माल-ये बाई, या म्हाताऱ्यांचं पोट आणि राग दोन्ही तुम्हालाच कळतात. समाजसेवकाचं प्रमाणपत्र आणा, ती खुर्ची तुमची." माझी मनगटं गेली आहेत. नऊ वर्षं माणसं उचलतेय. रात्री पट्टा बांधून झोपते. खुर्ची म्हटल्यावर मला खरोखर खुर्ची दिसली, चाकांची, पाठ असलेली. म्हणून बसस्टॉपवरच्या जाहिरातीतल्या नंबरावर फोन केला. "आई, आधी तुमचं अभिनंदन," पलीकडचा मुलगा म्हणाला. मी अजून नावही सांगितलं नव्हतं. ज्यांना काही विकायचं असतं ते सगळेच आम्हाला आई म्हणतात, पण याच्या आवाजात खरंच माया होती, आणि ती मला जास्त खुपली. आपलं नाव त्यानं मार्गदर्शक नो असं सांगितलं. "काही अवघड नाही, आई. सरकारी पद्धत आहे, क्रेडिट साठवत जायची. घरबसल्या. भाजी चिरता चिरता तास चालू ठेवायचा, हजेरी लागते. तेवढ्यात दोन वर्षांची पदवी होते, त्यातच समाजसेवेचे सतरा विषय, एकशेसाठ तास प्रत्यक्ष काम, की प्रमाणपत्र हातात. परीक्षेच्या वेळी मी आहेच." मी आहेच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मग तो फॉर्म भरू लागला. नाव? प्यो माल-ये. जन्म? सदुसष्ट. शेवटची शाळा?

शेवटची शाळा?

"हे मी एका मैत्रिणीसाठी विचारत होते," मी म्हटलं. तो हसला नाही, हे मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं. "असू दे ना, आई. मैत्रिणीची शाळा राहिली असेल तर आधी समकक्ष परीक्षा. माध्यमिकची वेगळी, उच्च माध्यमिकची वेगळी. एप्रिल नाहीतर ऑगस्ट. ती झाली की मग रस्ते सगळे मोकळे, मुक्त विद्यापीठ म्हणा, आमची क्रेडिटं म्हणा. गावाकडच्या मैत्रिणींचं असं असतंच." गावाकडची हे याला कुणी सांगितलं? चौतीस वर्षं मी इंचनमध्ये राहते. मासे घेतानासुद्धा गावाकडचा हेल येऊ देत नाही. मी फोन ठेवला, आणि ठेवल्यावर लक्षात आलं की नाव आणि जन्मसाल माझंच सांगून बसले होते.

उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर होतं, पण ते दुसऱ्या नावावर होतं. १९८२ साली आमच्या घरात मुली दोन होत्या आणि नाव एक. ताई माध्यमिक पास झालेली, मी सहावीनंतर शेतात. मासानच्या सूतगिरणीचा माणूस गावात आला होता. त्याच्या यादीत ताईचं नाव लागलं. गिरणीची स्वतःची शाळा होती, काम करणाऱ्या मुलींना तीन वर्षांत उच्च माध्यमिक करून देणारी. सगळं ठरलं, पेटी भरली, आणि आई अंथरुणाला खिळली. तिला उचलून बसवणं, भाताचं खाचर, लहान भाऊ, हे सगळं एकट्या ताईला जमत होतं, मला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "नाव गेलं पाहिजे. मुलगी कुठलीही चालेल." ताईचा माध्यमिकचा दाखला, ताईचं जन्मसाल आणि माझा फोटो. तेव्हा असं पुष्कळ घरांतून चालायचं, कुणाला त्यात फसवणूक वाटत नव्हती, एकाचा कोट दुसऱ्यानं घालावा तसं. मला तर आनंदच झाला. माल-ये म्हणजे शेवटची. पुरे आता मुली, अशा अर्थानं ठेवलेलं नाव. ग्युम-ये म्हणजे सोनं. बसमध्ये बसल्यावर मी ते नाव तोंडात घोळवत होते, गोळीसारखं, आणि बस घाट उतरेपर्यंत ती ग्युम-ये झाली होती.

ती. मी नाही म्हणत, ती म्हणते. त्या तीन वर्षांतलं काहीही मला मी म्हणून आठवत नाही. ग्युम-ये पहाटे पाचला उठे. ग्युम-येच्या केसांत, भुवयांत, नाकात कापूस असे, आणि शिंकली की पांढरं. दुपारी दोनला पाळी सुटली की तेल लागलेल्या हातांनीच ती जेवणघराच्या वरच्या मजल्यावर जाई. तिथं वर्ग. फळा, चाळीस बाकं, पांढऱ्या कॉलरच्या चाळीस मुली, त्यांतल्या वीस उघड्या डोळ्यांनी झोपलेल्या. मास्तर हजेरी घेत. "प्यो ग्युम-ये." "हजर." कागदावर ती अठरा वर्षांची होती. वसतिगृहाच्या खोलीतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली तिला ताई म्हणत, तिच्या आधी चमचा उचलत नसत, आपल्या प्रेमपत्रांवर तिचा सल्ला घेत. ती पंधराची होती. तिची अजून पाळीसुद्धा सुरू झाली नव्हती. महिन्यातून एकदा ती पोट धरून, तोंड वाकडं करून बसायची आणि धुतलेली कोरी फडकी दोरीवर वाळत घालायची, कुणी मोजत असेल तर दिसावीत म्हणून. कुणी मोजत नव्हतं. पण मोजत असेल, या भीतीनं ती शाळेत पहिली येत नव्हती, शेवटचीही येत नव्हती. पहिल्या आणि शेवटच्या मुलींचे घरचे पत्ते विचारतात. एकदा बीजगणिताच्या तासाला मास्तरांनी तिचा कागद उचलून वर धरला आणि म्हणाले, हिच्याकडं बघा. सगळ्यांनी पाहिलं. तिला ओकारी आली. मला ओकारी आली. ही एक गोष्ट मात्र मला माझी म्हणून आठवते.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत दाखला मिळाला. घरी गेले, बाबांच्या हातात दिला. बाबांना वाचता येत होतं. त्यांनी वाचला, दोनदा, आणि मग कोपऱ्यात कोबी निवडत बसलेल्या ताईकडे दिला. तिचंच नाव होतं त्यावर. तिनं घेण्याआधी हात परकराला पुसले. पुढच्या बाजूनं, मागच्या बाजूनं, चारचारदा. तेव्हा वाटलं, किती जपून घेतेय. आता चाळीस वर्षांनी ते पुसणं मला वेगळं दिसू लागलं. इतके हात कशाला पुसायचे? परत द्यायची वस्तू घेताना कुणी इतके हात पुसत नाही. ठेवून घ्यायची असेल तरच. मग बाकीचंही दिसू लागलं. सात-आठ वर्षांपूर्वी ताईचा फोन आला होता, इकडचं तिकडचं बोलून म्हणाली होती, "काय गं, तुमच्या त्या गिरणीच्या शाळेचं पूर्ण नाव काय होतं? परवा टीव्हीवर कुठलीतरी गिरणी दाखवली." मी किती प्रेमानं सांगितलं होतं. शाळेचं नाव, साल, बंद कधी झाली, कागदपत्रं प्रांताच्या शिक्षण कार्यालयात कधी गेली. मला वाटलं होतं, आपल्याला कुणीतरी त्या वर्षांबद्दल विचारतंय. फोन ठेवल्यावर रडलेसुद्धा. ती फॉर्म भरत होती. मी सांगत होते आणि ती पलीकडे लिहून घेत होती. पेनाचा आवाज आला होता का? आता मला तो ऐकू येतो. आला नव्हता बहुतेक. पण येतो.

मी तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहे. लग्न जुळवणाऱ्या बाईला मी उच्च माध्यमिक पास सांगितलं, ती नवऱ्याकडे तेच बोलली, नवरा आजही तेच समजतो. मुलीच्या शाळेतून दर मार्चला घरची माहिती भरायचा कागद यायचा. वडिलांचं शिक्षण, आईचं शिक्षण. दरवर्षी मी लिहिलं, उच्च माध्यमिक. पहिल्या वर्षी हात थांबला, पुढं थांबला नाही. खोटं होतं का? शाळा तर केली होती. खरं होतं का? केली ती ग्युम-येनं. मुलगी खांद्यावरून वाकून बघायची आणि म्हणायची, "आई, तुझं अक्षर बाबांपेक्षा चांगलंय." मग मला वाटायचं, हिला कळलंय. आठ वर्षांच्या पोरीला काय कळणार? पण मी कागद उलटा करून ठेवायची.

त्या रविवारी आन्सानला गेले. दुकान अर्धं उघडं होतं. ताई आत बसून सुगंधी पानांवर मसाला लावत होती, एक पान, एक चमचा, वर दुसरं पान. गाऊन वगैरे काही नाही, तोच जुना रबरी एप्रन. "आलीस? हात धू आणि बस. ही दोन टोपली संपवायचीत," ती म्हणाली. जणू मी मदतीलाच आले होते. मी हात धुतले. बसले. पानं लावू लागले. एवढ्या रागात माणूस पानं लावू शकतो हे मला नवीन होतं.

"ग्रुपवर काही बोलली नाहीस," ती म्हणाली. "सगळ्यांनी ससे पाठवले. तू एक साधा ससा नाही पाठवलास."

"ताई, प्रवेशाला कुठला कागद लावलास?"

"कुठला म्हणजे? माझा."

"माझा म्हणजे कुणाचा?"

"नाव वाचता येतं ना तुला? वर नाव कुणाचं आहे?" तिचा हात थांबला नव्हता. "आणि जास्त लावू नको मसाला. खारट होतं. गिऱ्हाईक तुझ्याकडे नाही येत ओरडायला."

"शाळा मी केली."

"केलीस ना. मी कधी म्हटलं नाही केलीस? चार वर्षांच्या पदवीला मला सात वर्षं लागली, धाकटे. दुकान बंद करून, डोळ्यांत थेंब टाकून. एका विषयात तीनदा नापास. तेसुद्धा तूच झालीस का?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," ताई म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आणि मग मरेपर्यंत दर सणाला ते हो माझ्या पानात वाढलं असतंस. मी ओळखत नाही का तुला?"

हे इतकं खरं होतं की माझा राग क्षणभर कुठं बसावं ते न कळून उभाच राहिला. म्हणून मी ते बोलले, जे बसमध्ये ठरवलं होतं की बोलायचं नाही. शाळेच्या नोंदवहीत फोटो माझा आहे. मी शिक्षण कार्यालयात जाऊन सांगू शकते.

ताईनं पान खाली ठेवलं. बोटांना लाल मसाला होता, तो तिनं पुसला नाही. "त्र्याऐंशी साली तालुक्याला शिवणकामाचा सरकारी वर्ग निघाला होता," ती म्हणाली. "आई मुतायची, मी धुवायची, त्यातनं दोन तास काढून नाव घालायला गेले. कारकुनानं वही उघडली आणि म्हणाला, बाई, तुम्ही तर मासानला गिरणीत आहात. त्याच्यासमोर उभी होते मी. पायांत चिखल होता. आणि मी तिथं नव्हते, मासानला होते. काय सांगणार होते त्याला? की ती मी नाही? मग तुझी नोकरी जाणार, आपल्या धाकट्या ग्वांग-सिकची फी जाणार. म्हटलं, हो, सुट्टीवर आलेय. तीन वर्षं मी सुट्टीवर होते. तू ग्युम-ये झालीस, तेव्हा मी कोण झाले, हे तू एकदा तरी विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

"जा, सांग," ती म्हणाली. "माझं काढून घेतील. पण तुला देतील असं वाटतं का? ते लोक काढून घेतात फक्त. देत नाहीत." मग टोपली पुढं ओढून म्हणाली, "खालची पानं कुजतील, हात चालव."

निघताना तिनं पानांचा डबा दिला, फडक्यात बांधून, गाठीवर गाठ. मी घेतला. गाडीत डबा मांडीवर धरून बसले आणि विचार करत राहिले की हे कशाचं आहे. तोंड बंद ठेवण्याचं? की नेहमीसारखं, बहिणीनं दिलं तसं? ती शिवणवर्गाची गोष्ट खरी होती का? आजवर का नाही सांगितली? सात वर्षं अभ्यास करणाऱ्या बाईला एक गोष्ट रचायला कितीसा वेळ लागतो. पण पायांतला चिखल कुणी रचत नाही. किंवा हुशार माणूस नेमका तोच रचतो. इंचन येईपर्यंत मी तिला चारदा दोषी ठरवलं आणि पाच वेळा सोडलं. घरी नवऱ्यानं पानं खाल्ली आणि म्हणाला, ताईच्या हाताला चव आहे. त्यातली निम्मी मी लावलेली होती.

मार्च गेला. एप्रिल गेला. मार्गदर्शक नोचे निरोप येत राहिले, आई, थंडी गेली, तब्येत जपा, आई, या सत्राच्या जागा भरत आल्या. संचालिकाबाई येता-जाता विचारत, कागद कधी आणताय. मी फोनमध्ये तक्रार लिहिली. अमुक नावाच्या व्यक्तीनं अमुक साली. तीन ओळी. माझं नाव नाही. पाठवली नाही, खोडलीही नाही. दुपारी म्हातारी माणसं झोपली की काढून वाचायची. वाचता वाचता एके दिवशी मला त्या तीन ओळींची भाषा ओळखू आली. प्रथम, द्वितीय, सबब. गिरणीच्या शाळेत पत्रलेखनाच्या तासाला शिकवलेली. म्हणजे ताईचं काढून घ्यायला मी ताईच्या नावानं शिकलेलंच वापरत होते. आणि ते निघालं, तर ती तीन वर्षं ताईकडेही राहणार नव्हती. कुणाकडेच नाही. कापूस, बाकं, हजर, सगळं कधी झालंच नव्हतं असं होणार. आता निदान तिच्या भिंतीवरच्या पदवीत तरी होतं. चोरीचं असेल. पण होतं. मी तक्रार खोडली, आणि खोडल्यावर लगेच शंका आली की हे मी चांगुलपणानं केलं की भीतीनं. अजून आहे ती शंका.

जूनमध्ये ऑगस्टच्या परीक्षेचे अर्ज निघाले. शिक्षण कार्यालयाच्या खिडकीमागं माझ्या मुलीपेक्षा लहान बाई होती. तिनं अर्ज ओढून घेतला आणि मीच बोलावं म्हणून वर पाहिलं. नाव. प्यो माल-ये. शेवटची शाळा? माझ्या मागं रांगेत एक पोरगा होता, कानात गाणी. तो ऐकत नव्हता. ऐकत असेल. "प्राथमिक," मी म्हटलं. "सहावी." आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं. काही झालं नाही. पंखा फिरत होता.

"त्यानंतर?" ती म्हणाली. "तुमच्या वयाच्या बऱ्याच जणी गिरणीच्या शाळेत असतात हो. रात्री शिकलेल्या. नोंदी सापडतात त्यांच्या, मी शोधून देते. काही केलं असेल तर सांगा ना, वाया कशाला घालवायचं?"

हिला कुणी सांगितलं? ताईनं? भावानं? की खरंच सगळ्यांना विचारते? तिचा चेहरा स्वच्छ होता, आणि स्वच्छ चेहऱ्यावर मी कधी भरवसा ठेवलेला नाही. तिची बोटं कळफलकावर होती. एक शब्द टाकायचा, मासान. पडद्यावर ती येईल, पंधरा वर्षांची, पांढरी कॉलर, भुवयांत कापूस, आणि शेजारी ताईचं नाव.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही केलं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग माध्यमिकपासून सुरुवात. सहा विषय आहेत." तिचा आवाज थोडा मोठा आणि थोडा हळू झाला, आजोबांशी बोलताना माझा होतो तसा. "इंग्रजी अक्षरं येतात का, आई?"

पहिल्याच खेपेला सगळे विषय सुटले तर कुणी विचारील, कुठं शिकलात. एखादा ठेवावा लागेल. बीजगणित ठेवावं. "शिकेन," मी म्हटलं.

तिला बरं वाटलेलं दिसलं. तिनं कोरा कागद घेतला, सहा विषयांची नावं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिली, कागद माझ्याकडे फिरवला आणि एकेकाखाली बोट ठेवून वाचून दाखवू लागली. मी तिच्या बोटामागून वाचत गेले, दर वेळी एक अक्षर मागे राहून.